सिनेमा-टीव्हीत सापडलेलं नाशिक (आणि इतर भलतंसलतं)

रविवारकारंजा

मंडळी, मला एक वाईट खोड आहे. सिनेमा बघताना नायक-नायिकेकडे माझं लक्षच नसतं. मागच्या भिंतीवर कॅलेंडर कुठल्या महिन्याचं आहे, दुकानाच्या पाटीवर गाव कोणतं लिहिलंय, हॉस्पिटलातल्या सलाईनचा थेंब पडतोय का नुसतीच बाटली टांगलीय, हे बघत बसतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सिनेमाला जाण्यापेक्षा तलाठ्याबरोबर पंचनाम्याला गेलेलं बरं.

तर परवा पाहुण्यांना घेऊन पांडवलेण्यांवर गेलो होतो. उतरताना पायथ्याचं फाळके स्मारक. पाहुण्यांची पोरं आईस्क्रीम शोधत पळाली आणि माझ्या डोक्यात दादासाहेबांची ती गाजलेली जाहिरात घोळायला लागली. 'राजा हरिश्चंद्र'ची. ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत!

आजवर शंभर वेळा वाचली असेल. पण हिशेब कधी केला नव्हता. घरी येऊन कॅल्क्युलेटर काढला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात. सिनेमाची लांबी ३,७०० फूट. म्हणजे ५९,२०० चित्रं. दादासाहेबांनी ५७,००० सांगितली होती, म्हणजे उलट थोडी कमीच सांगितली. इथवर माणूस अगदी सरळ.

आता दोन मैल. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. सिनेमा ३,७०० फूट. पाऊण मैलसुद्धा भरत नाही हो! आणि खरोखर दोन मैल असता तर चित्रं भरली असती १,६८,९६०. म्हणजे एकाच जाहिरातीतलं पहिलं वाक्य दुसऱ्या वाक्याला खोटं पाडतंय, आणि ११० वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने फूटपट्टी काढली नाही.

मला तर हे कळल्यावर दादासाहेब जास्तच आवडायला लागले. शेवटी त्र्यंबकेश्वरात जन्मलेला माणूस, गिऱ्हाईक कसं थांबवायचं हे कुणी शिकवावं लागत नाही.

तर असल्या गमती टाकायला हा धागा. सिनेमा, मालिका, इंटरनेट, काहीही चालेल. स्वतः पाहिलेलं, पडताळलेलं टाका. 'मित्राच्या मामाने सांगितलं' असलं नको. नाशिकचा धागा जुळत असेल तर सोन्याहून पिवळं.

अर्धाकपचहा

तीन आणे म्हणजे ३६ पै. ५७,००० भागिले ३६. एका पैला १,५८३ फोटो. आज पासपोर्टच्या चार फोटोंना काय घेतात ते शालिमारला विचारून या.

शंकासुर

जाहिरातीला एवढं धारेवर धरू नका, तेव्हा लोकांना सिनेमा म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. तीन आण्यांत तासाभरात संपणारा खेळ कोण बघणार? नाटक रात्रभर चालायचं. लांबी विकायची तर मैलातच विकावी लागणार.

आणि नुसत्या सिनेमावर भरवसा नव्हताच. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्याच खेळात आणखी काय काय होतं बघा: मिस आयरीन डेल मार यांचा नाच, मॅक्लेमेंट्स यांचं विनोदी स्केच, आणि अलेक्झांडर नावाचे एक गृहस्थ, जे हातांनी नव्हे तर पायांनी वस्तू झेलून दाखवत. भारतीय चित्रपटसृष्टीचा श्रीगणेशा झाला तो या पायझेल्या अलेक्झांडरच्या शेजारी बसून. हे एकाही भाषणात कुणी सांगत नाही.

मखमलाबादची मावशी

अलेक्झांडरचं सोडा, तारामती कोण होती ते सांगा की! अण्णा साळुंके. उपाहारगृहात आचारी होते. बायका सिनेमात यायला तयार नाहीत म्हटल्यावर फाळक्यांनी आचाऱ्यालाच लुगडं नेसवलं. दहा रुपयांच्या पगारावरून पंधरावर नेलं म्हणतात. त्या सिनेमात पाण्यात खेळणाऱ्या सगळ्या 'सख्या' पुरुष आहेत. उरलेल्या रिळांत तो सीन आहे, शोधून बघा. ओल्या लुगड्यातले ते दंड बघून माझा नातू म्हणाला, आजी, या तर पैलवान आहेत.

आणि खरी गंमत पुढे. १९१७ चा 'लंकादहन'. त्यात राम कोण? अण्णा साळुंके. सीता कोण? तेही अण्णा साळुंके. आपल्याकडचा पहिला डबल रोल म्हणून त्याचं नाव घेतात. पंचवटीत राहून एवढी वर्षं रामाच्या कथा ऐकल्या, पण सीतेच्या विरहात रामाने रडायचं आणि ती सीता म्हणजे आपणच, अशी अडचण कुठल्या कीर्तनकाराने सांगितली नव्हती.

लोक मात्र पडद्यावर राम आला की चपला काढून हात जोडायचे. मद्रासला या सिनेमाचा गल्ला बैलगाडीतून न्यावा लागला, बरोबर पोलीस देऊन. नाण्यांचं वजनच तेवढं.

रविवारकारंजा

मावशी, बहार! पण फाळक्यांनी फिटंफाट केली बरं का. आधी पुरुषाला सीता केलं, मग १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला कृष्ण केलं. मंदाकिनी, तेव्हा सहा-सात वर्षांची. कालियाच्या फण्यावर नाचणारा तो कृष्ण म्हणजे फाळक्यांच्या घरची चिमुरडी. आणि हा सिनेमा आपल्या नाशिकच्या कंपनीचा, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा.

जुनागंगापूरनाका

माझी भर. ही मी स्वतः जुळवलीय, त्यामुळे जरा ऐट आहे.

'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं आणि इथे 'मोहिनी भस्मासूर' काढला. सालही १९१३ च. त्यात पहिल्यांदा बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या: दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले. आणि त्यांचे चिरंजीव? विक्रम गोखले.

आता २००८ साली या. स्टार प्रवाहवर 'अग्निहोत्र' लागायची, आठवतेय ना? गणपतीच्या मूर्तींचं रहस्य, मोठं कुटुंब, जुना वाडा. वाडा कुठला? नाशिकचा. वाड्यात मोरेश्वर अग्निहोत्री म्हणून कोण बसलेत? विक्रम गोखले.

म्हणजे आजी नाशिकच्या सिनेमात मोहिनी होऊन नाचली आणि ९५ वर्षांनी नातू नाशिकच्या वाड्यात आजोबा होऊन बसला. मालिका बघताना आमच्या घरात यावर चकार शब्द निघाला नव्हता. आम्ही फक्त 'हा वाडा नक्की कुठला, तांबट लेन का सराफ बाजार' यावर भांडायचो.

शंकासुर

मान गये. यात मला शंका काढता येत नाहीये, जरा बेचैन वाटतंय.

अर्धाकपचहा

शंकासुराला बेचैन केल्याबद्दल गंगापूरनाक्यांना माझ्यातर्फे एक मिसळ. तर्री वेगळी मागवा, पाव एक्स्ट्रा आपापला.

येवलेकर

आमच्या गावाचं नाव निघालं की लोक पैठणी म्हणतात आणि गप्प बसतात. म्हणून सांगतो. टीव्हीवरच्या 'रामायणा'तली मंथरा आमची. ललिता पवार, जन्म येवला, १८ एप्रिल १९१६. हिंदी सिनेमात जेवढ्या सुनांनी डोळ्याला पदर लावला त्यातल्या निम्म्यांचं श्रेय आमच्या गावाला.

आणि तो डोळा. तो बारीक केलेला डावा डोळा अभिनय नव्हता. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी तोंडात मारायचा प्रसंग होता, मारताना जरा जास्तच जोर लागला. डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. आणि त्याच डोळ्यावर बाईंनी पुढची कितीतरी वर्षं अख्ख्या देशाला धाकात ठेवलं. 'अनाडी'तली मिसेस डिसा मात्र बघा, तिथे त्याच डोळ्यातून माया दिसते. त्याला फिल्मफेअर मिळालंय.

मखमलाबादची मावशी

अगदी बरोबर. माझ्या सासूबाई 'रामायण' लागलं की टीव्हीला हार घालायच्या, पण मंथरा दिसली की उठून स्वयंपाकघरात जायच्या. म्हणायच्या, मेलीचं तोंड नको सकाळी सकाळी. त्यांना तेव्हा सांगायला पाहिजे होतं की ही आपल्याच जिल्ह्यातली म्हणून. चहा तरी पाठवला असता.

१९८७ सालची गोष्ट, जानेवारीत सुरू झालं होतं ते. दर रविवारी सकाळी आमच्या वाड्यात एकुलत्या टीव्हीपुढे तीस-चाळीस माणसं. त्यातले निम्मे रामकुंडावरून अंघोळ करून थेट यायचे. आता यातली गंमत मला लॉकडाऊनमध्ये पुन्हा लागलं तेव्हा कळली. खऱ्या पंचवटीतली माणसं खरी पंचवटी सोडून धावत घरी यायची, टीव्हीवरची पंचवटी बघायला, आणि ती पंचवटी होती गुजरातेत, उंबरगावला. तिथे सेट लावला होता. आमची सीता गुंफा पाच मिनिटांवर, आणि आम्ही उंबरगावची पर्णकुटी बघून डोळे पुसतोय.

अर्धाकपचहा

शूर्पणखेचं नाकही मग उंबरगावलाच कापलं गेलं म्हणायचं. गावाचं नाव बदलावं लागेल.

निफाडचाद्राक्षवाला

येवलेकरांनी मंथरा नेली, आता आमचा दावा. 'झपाटलेला'तला तात्या विंचू निफाड तालुक्यातला आहे. मूळ आडनाव विंचूरकर. लासलगावहून विंचूर किती जवळ आहे बघा. बाहुलीत शिरायच्या आधी तात्या कांद्याचा अडत्या असणार, बोलण्याचा एकूण सूर बघता.

शंकासुर

ही शंका काढायला मात्र मी समर्थ आहे. तात्या विंचूचं नाव महेश कोठारे यांना 'रेड स्कॉर्पियन' या इंग्रजी सिनेमावरून सुचलं, त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. स्कॉर्पियन म्हणजे विंचू. विंचूरचा काही संबंध नाही. कथेची कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'वरून, त्यात मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो. बाहुला केला आणि हलवला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्याकडे वडिलांपासून अर्धवटराव आहे.

आणि हे सगळ्यांना ठाऊक असलं तरी धाग्याच्या हिशेबात यायलाच हवं: तात्या विंचू झालेले दिलीप प्रभावळकरच 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी झाले. १९९३ मध्ये 'ओम फट् स्वाहा', २००६ मध्ये अहिंसा.

निफाडचाद्राक्षवाला

रेड स्कॉर्पियन म्हणजे लाल विंचू. लाल काय असतो? आमचा कांदा. मी दावा मागे घेत नाही.

येवलेकर

तात्या तर आमचे. तात्या टोपे येवल्यात जन्मले. तुम्ही विंचू ठेवा.

प्रेसकॉलनी

मी नाशिकरोडचा, त्यामुळे माझा विषय ठरलेला. आमच्या भागात 'प्रेस' म्हणजे नोटांचा छापखाना, बाकी कुठलीही प्रेस नाही. काकांच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सांगितलं, मुलगा प्रेसमध्ये आहे. ते सोलापूरकडचे. त्यांना वाटलं पत्रकार. नकार द्यायच्या बेतात होते, पगार वेळेवर होतो का म्हणून. मग मध्यस्थाने खिशातून नोट काढून दाखवली आणि म्हणाला, हे छापतो मुलगा. बैठक तिथेच संपली.

तर 'मनी हाइस्ट' आली तेव्हा काका निवृत्त होऊन घरी बसले होते. मूळ स्पॅनिश नाव 'ला कासा दे पापेल', म्हणजे कागदाचं घर. मी म्हटलं, काका, चोर नोटांच्या छापखान्यात शिरतात आणि आतच नोटा छापत बसतात, बघा. काकांनी सगळे भाग बघितले. दरोडा, प्रेमप्रकरणं, गोळीबार, कशाचंही काही नाही. त्यांचा जीव वेगळ्याच ठिकाणी अडकलेला. "अरे शाई वाळू तर द्या." "अरे ताव मोजला का कुणी?" "हा माणूस मशीनजवळ कोपर टेकून उभा आहे, सुपरवायझर कुठाय?" प्रोफेसरचं पात्र त्यांना अजिबात आवडलं नाही. म्हणाले, याने एकदा तरी रात्रपाळी केलीय का?

मी नंतर शोधलं. त्यात टांकसाळ म्हणून जी इमारत बाहेरून दिसते ती टांकसाळ नाहीच. माद्रिदमधलं वैज्ञानिक संशोधन परिषदेचं मुख्यालय आहे. खऱ्या ठिकाणी चित्रीकरण करू दिलं नाही. काकांना सांगितलं तेव्हा चेहरा एकदम उजळला. "मी म्हटलंच होतं. गेटवर असे खांब कुणी बांधत नाही."

अर्धाकपचहा

काकांना धाग्यावर आणा.

प्रेसकॉलनी

ते म्हणतात, लेखी काही देणार नाही. सवय आहे.

कोचीतलीनाशिककर

गेली चार वर्षं नोकरीनिमित्त कोचीत आहे. माझी गंमत रीलमधून सुरू झाली. मोबाइलवर केरळमधल्या निवडणुकीच्या जल्लोषाचं रील आलं. गुलाल नाही, मुंडू नेसलेली पोरं, आणि मागे आवाज कशाचा? आपला ढोल! खाली मल्याळममध्ये काहीतरी लिहिलेलं, भाषांतर केलं तर 'नासिक ढोल'. मला वाटलं यंत्राने घोळ घातला.

घोळ नव्हता. इथे 'नासिक ढोल' हे वाद्याचं, म्हणजे अख्ख्या प्रकाराचंच नाव आहे. मिरवणूक, लग्न, निवडणुकीतला विजय, सगळीकडे नासिक ढोलची पथकं बोलावतात. ज्या केरळात चेंडा या वाद्याचं एवढं मोठं परंपरेचं वादन आहे तिथे आपल्या ढोलाने जागा केलीय. ताल थोडा वेगळा, वेग जास्त, पण टिपरू पडलं की ओळखू येतंच.

परवा आमच्या गल्लीतून एक पथक चाललं होतं. मी एका वाजवणाऱ्या पोराला थांबवून इंग्रजीत म्हटलं, मी नासिकची. तो गोंधळला. म्हणाला, वाजवता का? मी म्हटलं, नाही रे, तिथे राहते. तो आणखी गोंधळला. त्याच्या लेखी मी 'मी तबल्यात राहते' असं काहीतरी म्हणाले होते. मग मी नकाशा काढून दाखवला. तो सगळ्या पोरांना बोलावून दाखवायला लागला की नासिक नावाचं खरंच गाव आहे! फोटो काढला माझ्याबरोबर. आयुष्यात पहिल्यांदा गावाच्या नावावर भाव खाल्ला.

रविवारकारंजा

ताई, हे या धाग्यातलं आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारताना वाजणारा ढोल मतमोजणीला कोचीत वाजतो! पुढच्या वेळी त्या पोरांना सांगा, गावात नदीही आहे आणि आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो. आणखी गोंधळ उडू दे.

मोसमकाठ

मालेगाव अजून कुणी काढलं नाही म्हणून वाट बघत होतो. नाशिककरांना जिल्हा म्हटलं की त्र्यंबक आणि द्राक्षं एवढंच आठवतं.

आमच्याकडे यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी. सुट्टीचा दिवस म्हणजे सिनेमा, आणि सिनेमाचं वेड इतकं की शेवटी लोकांनी स्वतःचेच काढले. नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला. गब्बरचे डाकू घोड्यांवर नाहीत, सायकलींवर. घोडा आणणार कुठून आणि त्याला चारा कोण घालणार? पन्नासेक हजारांत सिनेमे उभे राहिले. मग 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा, काडी पैलवान. वर उडताना चड्डीची नाडी खाली लोंबतेय, पायात चपला. खलनायकाला शहरात घाण पसरवायचीय.

हे सगळं कसं केलं ते फैजा अहमद खान यांच्या माहितीपटात आहे, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. मी तो चार वेळा पाहिलाय. कॅमेरा फिरवायला ट्रॉली नाही तर सायकल. क्रेन नाही तर बैलगाडी: मागे वजन टाकलं की पुढचं जू वर जातं, त्यावर कॅमेरावाला. मी लहानपणापासून बैलगाडीत बसलोय, हे डोक्यात आलं नाही. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच सुपरमॅनचं लग्न ठरतं आणि चित्रीकरण थांबतं. सुपरमॅन हळद लावून बसलाय, जगाला कोण वाचवणार?

शफीक माहितीपट थिएटरात लागायच्या आधीच गेला. कॅन्सर.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला, रीमा कागती यांचा. आदर्श गौरव झालाय नासिर. मुंबईच्या लोकांनी मोठ्या पैशात, मोठ्या कॅमेऱ्यांनी, आमच्या पैसे नसलेल्या सिनेमाचा सिनेमा काढला. चांगला आहे, रडवतो. पण त्यात बैलगाडी उचलायला किती माणसं लागली असतील, त्यांचा चहापाण्याचा खर्च नासिरभाईंच्या अख्ख्या 'शोले'पेक्षा जास्त झाला असेल, हे डोक्यातून जाईना. कारंजेसाहेब, तुमची खोड मलाही लागलीय.

रविवारकारंजा

मोसमकाठभाऊ, माझ्या मते फाळक्यांचे खरे वारसदार तुमचेच. त्यांनी आचाऱ्याला तारामती केलं, तुम्ही मागवाल्याला सुपरमॅन. मधल्या नव्वद वर्षांत जे झालं त्याला फारच खर्च आला.

शंकासुर

वारसदार शब्द जरा जड झाला. पण बैलगाडीची क्रेन मात्र दादासाहेबांनी बघितली असती तर लगेच उचलली असती. दोन मैल उंच म्हणून जाहिरात केली असती.

अर्धाकपचहा

मालेगावावरून आठवलं, आमच्या घरातली सगळी लहान पोरं यूट्यूबवर ज्या छोटू दादाचे व्हिडिओ बघून ताटातलं संपवतात, तोही मालेगावचाच ना? त्याच्या व्हिडिओंना जे कोट्यवधी लोक बघतात त्यांच्यात आमचे तीन भाचे दिवसाला पंधरा वेळा असतात. वहिनी म्हणतात, मालेगावचे आभार, नाहीतर दोडका कुणी खाल्ला नसता.

माझी भर नाशिकची नाही, पण कानाला लागलेली आहे. हॉलीवूडमध्ये एक किंचाळी आहे. तीच ती. १९५१ च्या 'डिस्टंट ड्रम्स'साठी रेकॉर्ड झाली, मगरीने ओढलेल्या माणसाची. १९५३ च्या एका सिनेमात विल्हेल्म नावाच्या शिपायाला बाण लागतो तेव्हा तीच वापरली, म्हणून नाव पडलं 'विल्हेल्म स्क्रीम'. मग 'स्टार वॉर्स'च्या ध्वनिवाल्याने, बेन बर्टने, ती गंमत म्हणून घातली आणि तेव्हापासून शेकडो सिनेमांत तोच माणूस मरतोय. एकदा ऐकली की पुढे प्रत्येक मारामारीत ऐकू येते.

परिणाम असा की कॉलेजरोडच्या मल्टिप्लेक्समध्ये पडद्यावर माणूस कड्यावरून पडला आणि मी "आला! आला!" म्हणून हसलो. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी वळून असं पाहिलं की मध्यंतरानंतर मी जागा बदलली.

मखमलाबादची मावशी

आपल्या मालिकांत किंचाळी नसते, मान वळते. तीन वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी, ढॅण ढॅण ढॅण. मी मोजलंय, तेवढ्यात पोळी तव्यावर टाकून उलटून होते. फुगवायला मात्र जाहिरात लागते.

निफाडचाद्राक्षवाला

आता माझी खरी भर. विंचूवर हसलात, यावर हसू नका, हे दुःख आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी लासलगावच्या बाजार समितीत आम्ही कांदा घेऊन उभे होतो. टीव्हीवाले आले. आमचा ट्रॅक्टर, निळा, ट्रॉलीवर मागे मुलाचं नाव रंगवलेलं, आणि बोनेटवर हात ठेवून उभा मी. चेहरा पडलेला, कारण आदल्या रात्री झोप नव्हती. पण त्यांना तो भावामुळे पडलेला वाटला. दहा सेकंद चित्रीकरण. झालं.

तेव्हापासून त्या वाहिनीवर कांदा महागला की तोच ट्रॅक्टर. कांदा स्वस्त झाला की तोच ट्रॅक्टर. निर्यातबंदी, तोच. बंदी उठली, तोच. भाव वाढला तरी माझा चेहरा पडलेलाच. सोयरे फोन करतात, "आता काय झालं? आता तर भाव चांगलाय ना?" मध्यंतरी व्याहीबुवांनी पोरीच्या सासरहून निरोप पाठवला, पैशाची अडचण असेल तर मोकळेपणी सांगा.

ट्रॅक्टर विकून तीन वर्षं झाली. ज्याने घेतला तो पिंपळगावचा. त्यालाही फोन जातात.

कोचीतलीनाशिककर

थांबा, ट्रॉलीवर मागे मुलाचं नाव आणि त्याखाली द्राक्षाचा घड काढलाय? पिवळ्या रंगात? हे मी इथे पाहिलंय! मल्याळम बातम्यांत, कांद्यावरच. म्हटलं, ओळखीचा वाटतोय हा माणूस.

निफाडचाद्राक्षवाला

घड माझ्या मेव्हण्याने काढलाय. केरळपर्यंत गेला म्हणायचा. त्याला सांगतो, दोन दिवस जेवणार नाही आनंदाने.

रविवारकारंजा

भाऊ, भारतीय टीव्हीवरचे सर्वांत व्यग्र कलावंत तुम्ही. मानधन मागा.

निफाडचाद्राक्षवाला

मानधनाचं राहू द्या. आत्ता नऊच्या बातम्या बघत जेवत होतो. तोच ट्रॅक्टर, तोच मी, बोनेटवर हात. पण बातमी कांद्याची नाही, सांगलीच्या हळदीच्या भावाची. बायको म्हणाली, घ्या, इतकी वर्षं उभे होतात, शेवटी लागली एकदाची हळद.